वेळेआधी उघडलेली छत्री

"मॅडम, या दिवाळीला सोसायटीसाठी काहीतरी होईल ना? फॅक्टरी रेटमध्ये?"

मुलुंडच्या आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी हा प्रश्न मला दर वर्षी लिफ्टमध्ये विचारायचे. दिवाळीला ते, आणि जयंतीच्या मिरवणुकीला भावकीतली पोरं. "आत्या, तुमच्याकडे रॉकेट बनतात ना? मग दोन-चार दे ना!" मी सगळ्यांना एकच उत्तर द्यायचे. आमचं रॉकेट मौजेसाठी नाही. ते ज्याला उडवावं लागतं, त्याचा तो दिवस फार वाईट असतो.

आयुष्यभर मी मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका छोट्या कंपनीत टेस्टिंगचं काम पाहिलं. आमची कंपनी समुद्रावरच्या लोकांसाठी संकटाच्या खुणा बनवायची: नारिंगी धूर सोडणारे डबे, हातात धरायच्या लाल ज्योती आणि छत्रीवालं रॉकेट. दारू मिसळायचं काम शहराबाहेर, डोंगराच्या आड, माणसांपासून लांब चालायचं. मरोळला ऑफिस, थोडं जुळणीचं काम आणि जाड भिंतींची माझी टेस्टिंगची खोली. परवान्यात बसेल तेवढाच माल तिथे यायचा आणि एका वेळी एकच नळी पेटायची. नात्यातल्या बायका विचारायच्या, "भीती नाही वाटत गं?" मी म्हणायचे, "भीती वाटते म्हणून तर दहाही बोटं शाबूत आहेत."

आता हे छत्रीवालं रॉकेट काय असतं ते सांगते, म्हणजे पुढची गोष्ट समजेल. बोट संकटात सापडली की माणूस रॉकेटची नळी हातात उभी धरतो आणि खालची दोरी ओढतो. रॉकेट सुसाट वर जातं. पार वर पोचून वेग संपला की त्याचं तोंड उघडतं, आतून लाल पेटता गोळा बाहेर पडतो आणि छोट्या पॅराशूटला लटकून हळूहळू खाली येतो. कोळी लोक त्या पॅराशूटला छत्री म्हणतात. तो लाल दिवा लांबच्या बोटींना दिसतो आणि कोणीतरी मदतीला येतं.

पण वर पोचलो हे रॉकेटला कोण सांगतं? त्यात ना घड्याळ, ना सेल. त्यात बोटाएवढी धातूची नळी असते, आणि नळीत ठासून भरलेलं एक मिश्रण. रॉकेट सुटताना त्या मिश्रणाचं खालचं टोक पेटतं. मग ते अगरबत्तीसारखं, पण बंद नळीत, वर वर जळत जातं. जळत जळत वरच्या टोकाला पोचलं की छत्री बाहेर ढकलणारी दारू पेटते. म्हणजे ही नळी काही सेकंदांचा उशीर करते, बस्स. एवढा उशीर बरोबर करणं, हाच माझा धंदा. छत्री लवकर उघडली तर रॉकेट अजून वेगात असतं आणि तिच्या चिंध्या होतात. उशिरा उघडली तर रॉकेट उलटून खाली यायला लागलेलं असतं आणि लाल दिवा थेट पाण्यात जातो.

आणि हे मिश्रण म्हणजे सासरी आलेल्या नव्या सुनेपेक्षा हळवं! भुकटी बारीक असली तर भरभर जळणार, जाड असली तर रेंगाळणार. बारीक रवा आणि जाड रवा यांचा शिरा सारखा होतो का? तसंच. ठासताना दाब कमी-जास्त झाला की वेळ बदलली. मिसळताना एका बाजूला एक पदार्थ जास्त गेला की वेळ बदलली. हवेत दमटपणा असला की त्याचा पापड सादळणार, मग ते कुरकुरत जळणार नाहीतर मध्येच विझणार. थंडीत सुस्त, उन्हात तरतरीत. नळी कुठल्या धातूची आहे, किती जाड आहे, यावरही असतं, कारण धातू उष्णता ओढून घेतो. शिवाय म्हातारपण आहेच. वर्षं उलटली की मिश्रणसुद्धा पहिल्यासारखं राहत नाही. म्हणून माझ्या खोलीत एक फ्रीज होता, एक भट्टी होती आणि गदागदा हलवणारं एक टेबल होतं. नळ्यांना थंडीत कुडकुडवायचं, तापवायचं, हलवायचं, आणि मग पेटवून वेळ मोजायची. फ्रीजवर मीच मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, "यात डबा ठेवू नये." तरीही एका नव्या क्लार्कने एकदा श्रीखंड ठेवलं होतं. त्याला असं फैलावर घेतलं की तो बिचारा श्रीखंड खायचाच बंद झाला.

गिऱ्हाइकंही एकेक यायची. अंधेरीहून एकदा मालिकेच्या शूटिंगवाला एक माणूस आला. त्याला स्फोट असा हवा होता की हिरो डायलॉग संपवतो आणि लगेच मागे धडाम. मी विचारलं, "डायलॉग किती वेळाचा?" तो डोकं खाजवत म्हणाला, "तोच तर लोचा आहे ना मॅडम. सर मूडमध्ये असले की वाढवतात." मी त्याला हात जोडले. आमची नळी कोणाच्या मूडसाठी थांबत नाही, आणि आमचा परवाना समुद्रापुरता आहे. तो जाताना म्हणाला, "मग समुद्रातला सीन लिहून घेऊ का?"

पण मला जन्मभर लक्षात राहिलेलं गिऱ्हाईक म्हणजे मनोरीचा आल्फ्रेड.

दिवाळी जवळ आली होती. ऑक्टोबरची उकाड्याची दुपार. आमचे मालक दळवी साहेब आणि मी ऑफिसात बसलो होतो. दळवी साहेब स्वतः इंजिनियर, केस पांढरे, आवाज मोठा, मन चांगलं, पण एकदा एक गोष्ट ठरवली की हलवायला क्रेन लागायची. तेवढ्यात दारात एक काळासावळा, रुंद खांद्यांचा माणूस उभा राहिला. गळ्यात क्रॉस, हातात मासळी बाजाराची प्लॅस्टिकची पिशवी. त्याने ती पिशवी साहेबांच्या टेबलावर उलटी केली. आतून आमच्या रॉकेटची रिकामी नळी पडली आणि तिच्यामागून एक जळकी, फाटकी छत्री.

"तुमचा राकेट," तो म्हणाला. "आमच्या डोक्यावरच उघडला."

हा आल्फ्रेड. मनोरीच्या जुन्या ख्रिस्ती कोळी कुटुंबातला, स्वतःची बोट स्वतःच चालवणारा तांडेल. मी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि काय झालं ते विचारलं. संध्याकाळी परतताना त्याचं इंजिन बंद पडलं होतं आणि पाण्याची ओढ बोटीला खडकांकडे नेत होती. त्याने रॉकेट उडवलं. ते सुटलं आणि जेमतेम वर गेलं असेल-नसेल तोच उघडलं. छत्री फाटली, पेटता गोळा सरळ बोटीवर आला, जाळं पेटलं. त्याचा मेव्हणा ते विझवायला धावला आणि त्याचा खांदा भाजला. नशिबाने एक दुसरी बोट जवळून चालली होती. तिने ओरडणं ऐकलं आणि दोरी टाकली.

"मेव्हणा कसा आहे?" मी विचारलं.

"हॉस्पिटलातून घरी आलाय. खांद्यावर आंब्याएवढा डाग राहील म्हणतात."

दळवी साहेब नळी फिरवून बघत होते. "तारीख तर ताजी आहे. याच सीझनचा माल. उडवताना तुम्ही तिरकं धरलं असेल."

आल्फ्रेड खुर्चीत पुढे सरकला. "साहेब, तिरका धरला तर तिरका जाईल. लवकर कशाला उघडंल?"

साहेबांनी नळी माझ्यापुढे सरकवली.

प्रत्येक लॉटच्या थोड्या उशिराच्या नळ्या आम्ही राखून ठेवायचो. त्या लॉटच्या काढल्या, एकेक पेटवली. वेळ बरोबर. फ्रीजमधून काढून पेटवली, बरोबर. भट्टीतून काढून पेटवली, थोडी लवकर, पण चालेल इतकीच. भुकटीचा बारीकपणा तपासला, ठीक. दाब ठीक. आणि ओल म्हणावी तर ओलीने मिश्रण मंदावतं, घाई करत नाही. साहेब विजयी मुद्रेने म्हणाले, "बघा! लॉट पास आहे."

"लॉट पास आहे साहेब, पण माणूस भाजलाय," मी म्हणाले. "मला त्याची बोट बघू द्या."

मार्व्याहून तरीच्या बोटीने खाडीपलीकडे मनोरीला गेले आणि आल्फ्रेडच्या बोटीवर चढले. मी साडीत, तो हसू दाबतोय. "मॅडम, पाय घसरला तर माझ्यावरच केस नको." मी विचारलं, रॉकेट कुठे ठेवायचास? त्याने इंजिनाच्या खोलीमागचं लाकडी कपाट दाखवलं. रॉकेट हरवू नये म्हणून आडवं ठेवून टायरच्या रबराने आवळून बांधायचा. मोठ्या काळजीने केलेलं काम होतं. मी त्याला इंजिन सुरू करायला लावलं आणि कपाटाच्या फळीवर हात ठेवला. थोड्या वेळाने हात उचलावा लागला. फळी तव्यासारखी तापली होती, आणि कंप असा की माझ्या बांगड्या किणकिणत होत्या. सीझन सुरू झाल्यापासून ते रॉकेट असं आडवं पडून, तापत आणि थरथरत होतं.

हलवणारं टेबल आमच्याकडे होतंच, पण नियमाप्रमाणे आम्ही रॉकेट उभं ठेवून आणि थंड असताना हलवायचो. कपाटात आडवं बांधून तापवत कोण ठेवेल, हे नियम लिहिणाऱ्याच्या मनात आलं नव्हतं. मरोळला परतल्यावर मी टेबलाभोवती गरम हवेची पेटी बांधून घेतली. त्या लॉटच्या काही नळ्या आणि आदल्या वर्षीच्या काही नळ्या, सगळ्या आडव्या आवळल्या आणि दिवसामागून दिवस हलवत ठेवल्या. शेजारच्या गाळ्यातले लोक येऊन विचारायचे, "मॅडम, पिठाची गिरणी टाकली काय?"

मग एकेक नळी पेटवायला घेतली. जुन्या लॉटच्या सगळ्या शहाण्यासारख्या जळल्या. नव्या लॉटची पहिली बरोबर. दुसरी बरोबर. तिसरी पेटवली आणि फट्! घड्याळ सुरू व्हायच्या आत संपलंसुद्धा. हाच आवाज आल्फ्रेडच्या डोक्यावर झाला होता.

भरलेली नळी कापून बघणं म्हणजे वेडेपणा. म्हणून उरलेल्या नळ्यांचे बाहेरून एक्स-रे काढून आणले. माणसाच्या फ्रॅक्चरसारखंच, काही नळ्यांत मिश्रण आणि भिंत यांच्यामध्ये केसाएवढी रेघ दिसत होती. मिश्रण भिंतीपासून सुटलं होतं. त्या फटीतून ज्योत बाजूने सरळ वर पळत होती. अगरबत्ती जळायच्या ऐवजी आग शेजारच्या गल्लीतून धावत जाऊन पोचायची!

पण जुन्या नळ्यांत नाही आणि नव्यातच का? स्टोअरमधून दोन्ही लॉटच्या रिकाम्या नळ्या काढल्या, आत बॅटरीचा झोत टाकला. जुनी नळी आतून मंद, बारीक बारीक रेघांची. नवी नळी आतून लखलखीत, आरशासारखी. मापाने दोन्ही तंतोतंत सारख्या. आमच्या ड्रॉइंगमध्ये लांबी होती, व्यास होता, जाडी होती. आतला पृष्ठभाग कसा हवा, याबद्दल एक अक्षर नव्हतं. कोणाला गरजच वाटली नव्हती.

नळ्या करायचे परब मेस्त्री. समोरच्याच गल्लीत त्यांचा लेथ होता. मूळचे मालवणकडचे, कामात हात सोन्याचा. मी नळी घेऊन गेले तर ते चहा पीत होते. नळी बघताच त्यांचा चेहरा फुलला.

"बघितलंत मां? आतून आरसो केलंय! नवीन टूल घेतलंय ह्या सीझनाक. आधी ते रेघोटे रवायचे, माकाच बघवत नाय होते. तुमच्याकडून जास्तीचो एक पैसो घेतलंय काय? नाय. म्हटलं, मॅडमांच्या मालात खोट नको."

मी त्यांच्यासमोर स्टुलावर बसले. कसं सांगावं ते कळेना, मग सरळ सांगितलं. ते रेघोटेच मिश्रणाला धरून ठेवत होते. गुळगुळीत भिंतीवर ते टिकलं नाही. उकाडा आणि थरथर यांनी सुटलं, आणि मनोरीचा एक माणूस भाजला.

परब मेस्त्रींनी कप खाली ठेवला. "बरा काम केलंय, तां चुकला?" ते हळूच म्हणाले.

"तुमचं चुकलं नाही मेस्त्री. आम्ही तुम्हाला कधी सांगितलंच नाही."

"मेलो नाय मां तो?"

"नाही. बरा आहे."

"मग द्या," ते उठले. "पुन्हा रेघोटे मारून देतंय."

त्यांनी दिलेही. ड्रॉइंगवर आम्ही एक ओळ वाढवली, आतून चमक नको. पुढची कित्येक वर्षं परब मेस्त्रींनी आमच्या नळ्या केल्या, एकही नापास झाली नाही. पण पूर्वी ते नवं काही केलं की "ह्या बघा" म्हणून हातात ठेवायचे, ते त्यांनी पुन्हा कधी केलं नाही. मी आपणहून विचारायचे, "काय नवीन?" ते म्हणायचे, "ड्रॉइंगाप्रमाणे." त्या माणसाची ती हौस माझ्या एका एक्स-रेने गेली. दुसरा इलाजही नव्हता. पण वाईट वाटतं ते वाटतंच.

आता प्रश्न दळवी साहेबांचा. मी त्यांना टेस्टिंगच्या खोलीबाहेरच्या काचेशी उभं केलं आणि हलवलेल्या नळ्या पेटवत गेले. पहिल्या काही नीट जळल्या. साहेब घड्याळ बघायला लागले. मग फट्. ते दचकले. केबिनमध्ये गेले, परत आले.

"सगळी परत मागवा," ते म्हणाले. "विकलेली सगळी. बदली द्यायला जुना माल काढा."

"सीझन चालू आहे साहेब. बोटी बाहेर आहेत."

"मग वाघमारे मॅडम, तुम्ही इथे कशाला उभ्या आहात?"

दुकानदारांकडे पडलेला माल पटकन गोळा झाला. खरी गंमत बोटींवर गेलेल्या मालाची. आल्फ्रेड म्हणाला, "मी येतो बरोबर. तुमाला एकटीला कोण दाद देणार नाय." वास्तविक तो आमच्यावर केस करायला मोकळा होता. मी तसं म्हटलंही. तो म्हणाला, "ते मेव्हण्याचं आणि तुमच्या साहेबांचं ते बघून घेतील. आधी राकेट गोळा करू." साहेबांनी त्याच्या मेव्हण्याच्या उपचाराचा सगळा खर्च केला, घरी जाऊन माफी मागितली, तेव्हा मेव्हण्याच्या आईने त्यांना जेवल्याशिवाय सोडलं नाही. पण ते नंतर.

आम्ही वर्सोवा, मढ, गोराई, मनोरी पालथी घातली. मढला एका आजीने रॉकेट लोखंडी कपाटात, लग्नाच्या साड्यांखाली ठेवलं होतं. "एवढा महागाचा, बोटीवर खारट पाणी लागून खराब व्हयाचा!" गोराईत एकाने ते पोरीच्या हळदीला उडवून टाकलं होतं. मी कपाळाला हात लावला. तो अभिमानाने म्हणाला, "झकास उघडला मॅडम! सगळा मांडव लाल!" एक तांडेल तर परत द्यायलाच तयार नव्हता. त्याला वाटलं, आम्ही नवीन घेऊन जुनं गळ्यात मारतोय. दिसायला तसंच होतं ते!

आल्फ्रेडने व्हॉट्सअॅपवर आवाजात निरोप टाकला होता: ह्या लॉटचे राकेट परत करा, बदलून मिळतील. तो निरोप एका ग्रुपवरून दुसऱ्यावर जाता जाता असा बदलला की संध्याकाळी मला पोलीस चौकीतून फोन. "मॅडम, तुम्ही कोळीवाड्यात बॉम्ब वाटलेत म्हणे?" त्यांची समजूत काढायला परवाना, ओळखपत्र आणि दोन कप चहा लागले. हवालदार शेवटी म्हणाला, "बरं, दिवाळीला काही मिळेल का?"

असं करत करत जवळपास सगळी परत आली. राहिली एक बोट, 'आवे मारिया'. मनोरीचीच, पास्कल नावाच्या तांडेलाची. ती लांब समुद्रात होती, मोबाईलच्या टप्प्याबाहेर, आणि तिच्यावर त्या लॉटची दोन रॉकेटं होती. आल्फ्रेडने आपल्या घरच्या वायरलेसवरून जवळच्या बोटीला माझा निरोप दिला, ती राकेटं उडवू नका; तिने पुढच्या बोटीला, तिने त्याच्या पुढच्या. उत्तर उलट्या वाटेने आलं: पास्कलला कळलं, तो राकेट उडवणार नाही. मी सुटकेचा निःश्वास सोडला.

दुसऱ्या दिवशी वारा उठला. हवामानखात्याने बोटींना परत बोलावलं. सगळ्या बोटी किनाऱ्याकडे वळल्या. 'आवे मारिया' उत्तर देईना.

मी दुपारी मनोरीला पोचले तेव्हा आल्फ्रेडच्या घरात माणसं भरली होती. वायरलेस खरखरत होता. कोपऱ्यात पास्कलची बायको रेजिना बसली होती, हातात जपमाळ, पण ओठ हलत नव्हते. आल्फ्रेडने माझी ओळख करून दिली. तिने मान वर करून मला पाहिलं.

"तुमीच सांगितलात ना त्याला, राकेट लावू नको?"

"हो," मी म्हणाले.

"मग त्यानं लावायचा काय?"

मी तिच्याशेजारी जमिनीवर बसले. मला सांगायचं होतं की नारिंगी धुराचा डबा आहे, तो चांगला आहे, तो मी स्वतः तपासलाय. पण धूर दिवसाच दिसतो, वाऱ्यात पसरून जातो, आणि हातातली लाल ज्योत फार लांब दिसत नाही, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. आयुष्यभर मी सेकंद मोजले. त्या दुपारी घड्याळाकडे बघायची माझी हिंमत होईना. डोक्यात एकच चालू: खराब रॉकेट निदान वर तरी गेलं असतं. कोणाला तरी चमक दिसली असती. मी त्याच्या हातातून तेवढंही काढून घेतलं.

उन्हं कलायला लागली तेव्हा वायरलेसवर आवाज आला. पास्कलला निरोप पोचवणारी जी शेवटची बोट होती, तिचा तांडेल बोलत होता. परतताना त्याने पास्कलला हाक मारली, उत्तर आलं नाही. आदल्या दिवशीच निरोप देताना त्यांचं बोलणं झालं होतं, पास्कल कुठे जाळं टाकतोय हे त्याला ठाऊक होतं. तो किनाऱ्याकडे न येता तिकडे वळला. बराच फिरल्यावर आभाळाच्या कडेला नारिंगी डाग दिसला. 'आवे मारिया'च्या पंख्यात जाळं अडकलं होतं, लाटेने वायरलेसची बॅटरी भिजली होती. बोट नुसती वाहत होती. पण सगळे जिवंत होते. आता दोरी बांधून ओढून आणतोय.

खोलीत एकच गलका झाला. आल्फ्रेडने मला मिठीच मारली, मग दचकून बाजूला झाला आणि "सॉरी मॅडम" म्हणाला. रेजिना मात्र जागची हलली नाही. तिने जपमाळ कपाळाला लावली आणि माझ्या हातावर हात ठेवला. थंडगार हात होता. "चहा प्या," ती म्हणाली. "सकाळपास्नं कोणीच नाय प्यायला."

पास्कल परत आला. उंच, सडपातळ, मिठाने ओठ फुटलेले. धक्क्यावर उतरल्या उतरल्या त्याने कपड्यात गुंडाळलेली ती दोन रॉकेटं माझ्या हातात दिली. "घ्या तुमची पोरं. दोनदा हात गेला होता, पण नाय लावली."

ती दोन्ही रॉकेटं आमच्या लोकांनी रीतसर उघडली, आतल्या उशिराच्या नळ्या माझ्याकडे आल्या. पहिली नळी अगदी घड्याळासारखी जळली. इतकी सुंदर की जुन्या लॉटनेही लाजावं. दुसरी पेटली आणि फट्.

बदलीची दोन रॉकेटं मी ऑफिसच्या माणसाकडे दिली नाहीत, स्वतः घेऊन मनोरीला गेले. पास्कल दारात जाळं विणत बसला होता, रेजिना वाल सोलत होती. त्याने पहिला प्रश्न तोच विचारला.

"आमची कशी निघाली?"

खोटं सांगायचा मोह झाला. "दोन्ही खराब होती, बरं झालं नाही उडवलीस," म्हटलं असतं तर तो खूश झाला असता. पण मी खरं सांगितलं. एक उत्तम होतं. एक डोक्यावर उघडलं असतं.

पास्कलचे हात थांबले. "मग माझा हात कुठल्यावर गेला होता?"

"ते कसं सांगणार? दोन्ही बाहेरून सारखीच दिसतात."

त्याने जाळं खाली ठेवलं. मला वाटलं, आता चिडेल. तेवढ्यात रेजिनाने वालाचं ताट बाजूला सरकवलं, माझ्या हातातली बदलीची दोन्ही रॉकेटं घेतली, उलटीसुलटी करून पाहिली आणि नवऱ्याकडे न बघता मला म्हणाली:

"ह्या टायमाला दोन्ही आतून पण सारखीच आणलीत ना?"